टिटवीचा गळा

त्या माळावर पाखरांना सापांपासून राखण्यासाठी ससाणे नेमलेले होते. साप क्वचितच दिसत. ससाणे मात्र रोज दिसत.

टिटवीचा थोरला लेक ऐन उमेदीतला होता. एका सकाळी दोन ससाण्यांनी त्याला ओढ्याकाठून चौकशीसाठी उचलून बाभळीवर नेलं. दुपारी तो बाभळीखाली मरून पडलेला सापडला. पंख तीन ठिकाणी मोडलेला होता.

"उडताना तोल गेला," म्होरक्या ससाणा म्हणाला.

"वावटळीत उडायला शिकलेलं पोर माझं!"

"बाई, दुःख आम्हालाही कळतं. पण अजून दोन पिलं आहेत ना पदरात?"

टिटवी माळावर परतली आणि आक्रोश करू लागली. शेजारीपाजारी आधी हळहळले, मग कंटाळले. चिमण्या कुजबुजल्या, "काहीतरी केलं असेल. उगाच कोण कुणाला नेतं?" शेवटी ससाण्यांनी दवंडी पिटली: टिटवीचं ओरडणं अपशकुनी आहे, ती पुन्हा ओरडली, तर तिच्या पिलांचीही चौकशी होईल.

टिटवी गप्प झाली. तिनं अन्न सोडलं.

तिसऱ्या दिवशी लावी आली. जन्मभर गवतात दबून राहिलेलं पाखरू ते. मागच्या सुगीत तिचा धनीही त्याच बाभळीखाली सापडला होता. तिनं चोचीतले किडे पिलांपुढे ठेवले.

"ताई, दोन घास तूही खा."

"तू तेव्हा का गं ओरडली नाहीस?"

"ओरडले असते, तर सोबत कोण होतं?"

पुढच्या दिवशी लावीनं म्हाताऱ्या साळुंकीला आणलं, मग चंडोलाच्या आईला. प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी बाभळीवर गेलं होतं. त्यांनी पिलं काटेरी बोरीच्या जाळीत नेली आणि आळीपाळीनं राखली. मग टिटवी बाभळीखाली जाऊन बसली आणि लेकाचं नाव घेऊन ओरडत राहिली. दोन दिवसांत तिचा गळा फाटला. चोच उघडे, पण आवाज फुटेना.

ससाणे निवांत पंख साफ करू लागले.

तेवढ्यात गवतातून टिटवीची हाक आली. ससाणे झेपावले. तिथं लावी उभी होती, मान ताठ करून, टिटवीच्या आवाजात ओरडत. मग बोरीतून साळुंकी ओरडली, बांधावरून चंडोलाची आई, ओढ्यापलीकडून आणखी कुणी, आणि अखेर चिमण्याही. ससाणे हवेतच घुटमळले. सारा माळ टिटवीच्या आवाजात ओरडत होता, आणि टिटवी तेवढी गप्प बसली होती.