एकाच अंगाला झोपलेल्या सुया

“...पण ह्या सगळ्या एकाच अंगाला कशा झोपल्यात रे?”

बुवांनी फोटोची फ्रेम डोळ्याजवळ नेली. लांब नेली. मग आडवी केली.

श्रेणिक मगदूमला हा प्रश्न नको होता. तो पाया पडायला आला होता. परदेशी जायच्या आधी गुरूपुढं पेढ्यांचा पुडा ठेवायचा, भिंतीवर लावायला फ्रेम द्यायची, ‘नाव काढलंस’ एवढं ऐकायचं आणि दुपारच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं, एवढाच बेत होता. भिंत रिकामी होती. खिळाही होता. पण बुवा फ्रेम सोडेनात.

बुवा म्हणजे इंगवले सर. जन्मभर कॉलेजात धातू शिकवला. शिकवला म्हणजे काय, तर पोराच्या हातात धातूचा तुकडा द्यायचा आणि म्हणायचं, घास. जाड पॉलिशपेपरवर घास, बारीक पेपरवर घास, शेवटी मखमलीवर घास. आरसा झाला की ॲसिडात बुडव आणि मायक्रोस्कोपखाली धर. मग धातू पोटातलं सांगतो. पोरं घासून घासून रडकुंडीला यायची. त्यांनीच ‘घाशाबुवा’ नाव पाडलं. नोकरी संपल्यावर पन्हाळ्याच्या अलीकडं एका टेकाडावर पत्र्याच्या दोन खोल्या घालून म्हातारा एकटाच राहायला गेला, तेव्हा तर त्या नावावर शिक्काच बसला.

“तुकडा ज्या रॉडचा आहे, तो ओढून केलेला असतो, सर,” श्रेणिक म्हणाला. “ओढताना आतलं सगळं एका अंगाला होतं.”

“होतं की.”

 

श्रेणिकला ते ‘होतं की’ आवडलं नाही. मोठी माणसं भांडत नाहीत, नुसतं ‘होतं की’ म्हणतात, आणि आपल्या पोटात काटा मोडून ठेवतात.

फोटो होता त्याच्याच तुकड्याचा, इलेक्ट्रॉनच्या मायक्रोस्कोपनं काढलेला. ॲल्युमिनियमच्या पोटात केसाहून बारीक सुया. ह्या धातूत असल्या सुया आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. ह्या एका फोटोवर त्याची निवड झाली होती. परदेशातली एक संस्था देशोदेशीचे तरुण संशोधक गोळा करते, पदार्थाच्या आत काय आहे ते कसं ओळखायचं ते शिकवते. येताना प्रत्येकानं आपापला तुकडा आणायचा. शेवटच्या दिवशी तो मोठ्या यंत्राखाली घालून पडद्यावर सगळ्यांना दाखवायचा. ज्याचा तुकडा तिथल्या लोकांना आवडला, त्याला पुढं तिथंच काम मिळतं, असं सगळे म्हणायचे. श्रेणिकनं मनातल्या मनात तिथलं घरसुद्धा लावलं होतं.

“विमानाचं कोण बघतंय?” बुवांनी विचारलं.

“तेच लोक.”

“राहायचं? खायचं?”

“तेच, सर.”

“का?”

“तरुणांना उत्तेजन म्हणून.”

“हं... गळाला गांडूळ लावणारा माशाला उत्तेजनच देत असतो.”

म्हातारा जळतोय, श्रेणिकच्या मनात आलं. ह्यांना उभ्या आयुष्यात शेजारच्या जिल्ह्यातसुद्धा कुणी बोलावलं नाही. आता शिष्याला विमानात बसवताहेत, तर ते पोटात दुखतंय.

खरं तर त्याला हल्ली सगळ्यांचाच संशय यायचा. लॅबमधला बरोबरीचा एक जण आपल्या कपाटाकडं फार बघतो, असं वाटून त्यानं कुलूप बदललं होतं. गाईड हसले तरी वाटायचं, हे का हसले? शेवटी तुकडा कपाटात ठेवायचंच त्यानं सोडून दिलं.

“तुकडा कुठाय?” बुवा म्हणाले.

श्रेणिकचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, आणि तोंड म्हणालं, “लॅबमधे.”

बुवांनी हाताकडं पाहिलं.

“तोंडाला पढवून आणलंस. हाताला सांगायचं राहिलं वाटतं.”

श्रेणिकनं हात खाली घेतला.

“त्याच रॉडचे अजून तुकडे केले असशील की.”

“केले.”

“त्यात सुया?”

“त्यात... तितक्या स्पष्ट नाही आल्या.”

“म्हणजे नाही आल्या.”

“तुकड्या-तुकड्यात फरक असतो, सर!”

“अरे, ओरडतोस कशाला? मी बहिरा झालो नाही अजून.”

श्रेणिक ताडकन उठला. पिशवी उचलली.

“स्पष्टच बोलतो, सर. तुम्हाला माझं बघवत नाही.”

...

बुवांनी पुडा सोडला. एक पेढा तोंडात टाकला. सावकाश चघळला.

“पेढा झकास आहे. कुठला आणलास?”

रागानं माणूस उठतो तेव्हा त्याला कुणीतरी अडवावं लागतं, नाहीतर उंबऱ्यापाशी त्याचं हसं होतं. त्याला कुणी अडवलं नाही. तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

“पहिल्या दिवशी काय शिकवणारायत तिथं?” बुवांनी पाठीमागून विचारलं.

“तुकडा तयार करायला. प्रत्येकानं आपला आपण घासायचा. पेपरपासून.”

बोलून झालं, आणि आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

“मग तू काय करणार?”

“माझा तयार आहे म्हणून सांगेन.”

बुवांना हसू आलं. हसता हसता ठसका लागला. तांब्यातलं पाणी प्याले, डोळे पुसले.

“आणि ते म्हणाले, असू दे, तरी घास... तर?”

 

बुवांचा सगळ्या पोरांना एकच धडा असायचा. पेपर बदलला की तुकडा आडवा फिरवायचा, आणि आधीच्या पेपरचे ओरखडे नाहीसे होईतो हात थांबवायचा नाही. घाई केली तर ओरखडा जात नाही, नुसता दबून बसतो. वरून आरसा दिसतो. ॲसिड लागलं की दबलेले सगळे एकाच अंगाला उठून उभे राहतात, सुयांसारखे.

श्रेणिकला ती संध्याकाळ आठवत होती. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मायक्रोस्कोपवर त्याच्या नावची वेळ थोडीच उरली होती. तुकडा त्यानं घासला होता. आडवा फिरवला होता का? ह्या प्रश्नापाशी तो रोज यायचा, आणि रोज मागं फिरायचा.

त्यानं पिशवी खाली ठेवली. खिशातून डबी काढली. कापसात गुंडाळलेला नखाएवढा तुकडा बुवांपुढं धरला.

बुवांनी हात मागं घेतले.

“मी शिवणार नाही. उद्या म्हणशील, म्हाताऱ्यानं बिघडवला.”

ते आत गेले. जाड काच आणली, पेपर आणले, पाण्याची वाटी आणली. सगळं त्याच्यापुढं जमिनीवर मांडलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसले.

श्रेणिकनं पेपर भिजवला. तुकडा हातात घेतला. टेकवेना.

“सर, हा एकच आहे.”

“माहीत आहे.”

“घासला आणि सुया गेल्या तर?”

“राहिल्या तर धातूच्या,” बुवा म्हणाले. “गेल्या तर तुझ्या.”

...

श्रेणिकनं तुकडा पेपरवर टेकवला.

पहिले काही हात चोरून पडले, कुणाच्या खिशातून काढल्यासारखे. मग मनगटाला जुनी सवय सापडली. खर्रर्र, खर्रर्र. पाणी काळं झालं. पेपर बदलला. थांबला. बुवांकडं पाहिलं. बुवा पत्र्याकडं बघत होते.

त्यानं तुकडा आडवा फिरवला.

मग दुपारची एसटी गेली. घाटातून तिचा भोंगा वाजला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. मखमल झाली. तुकड्यात त्याचं नाक दिसायला लागलं. बुवांनी आतल्या फळीवरची ॲसिडची बाटली बोटानं दाखवली. त्यानं तुकडा बुडवला, धुतला, फुंकरीनं वाळवला.

खिडकीत बुवांचा जुना मायक्रोस्कोप होता. त्या मोठ्या यंत्रापुढं तो खेळणंच, पण ओरखडा आणि सुई सांगायला तेवढा पुरे होता. श्रेणिकनं डोळा लावला.



“काय दिसतंय?”

“दाणे.”

“कसले?”

“धातूचे. नेहमीचे.”

“आणि सुया?”

श्रेणिक तुकडा सरकवत राहिला. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग परत ह्या कडेपर्यंत. मान वर काढेना. काढली असती तर बुवांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

“मी खोटं नव्हतो बोललो, सर,” तो तसाच वाकून म्हणाला. “मला दिसल्या होत्या.”

“दिसल्याच असतील. आम्हालाही दिसायच्या. नोकरीची गरज असली की ढीगभर दिसतात.”

श्रेणिकनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. आता म्हातारा आनंदानं फुलला असेल, असं वाटून त्यानं चोरून पाहिलं. बुवा वाकून काळं पाणी फडक्यानं टिपत होते. तोंडावर काहीच नव्हतं. आनंद नव्हता, दयासुद्धा नव्हती. संशय घ्यायला कुठं बोट ठेवावं तेच सापडेना.

“त्यांना कळवावं लागणार,” तो म्हणाला. “फोटो चुकीचा आहे म्हणून.”

“लागणार.”

“फोटोवर बोलावलंय त्यांनी मला. मग कशाला येऊ देतील?”

“नसतील येऊ देत.”

“आणि दिलं तरी... लोक हसतील, सर.”

“हसतील की.”

बुवांनी फडकं पिळलं. कमरेवर हात ठेवून उठले. मायक्रोस्कोपखालचा तुकडा त्यांनी आता पहिल्यांदा हातात घेतला, उजेडाकडं धरला, कापसात गुंडाळला. डबीत घातला आणि डबी श्रेणिकच्या खिशात टाकली.

“संध्याकाळची गाडी मिळेल. हाच घेऊन जा तिकडं.”

“हा? ह्यात काय आहे, सर? हे दाणे कुठल्याही ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सापडतात. मी तिथं दाखवू काय?”



“दाखवायला चाललायस होय? ...मला वाटलं, बघायला.”