पिलाजी पैलवानाची पाठ

हिरेगडच्या पिलाजी महाराजांना एकाएकी कुस्तीची हुक्की आली, आणि इकडं सिदबा पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं!

सिदबा म्हणजे संस्थानचा दरबारी मल्ल. वीस वर्षं लाल मातीत काढलेली. कान चोळामोळा होऊन भज्यासारखे झालेले, मान रांजणाएवढी. मुलूखभरच्या पैलवानांना त्यानं आस्मान दाखवलं होतं. पण महाराजांसमोर उभं राहायचं म्हटलं की गडी खांबाआड सरकायचा.

झालं होतं असं, की महाराजांनी नुसता हात लावला तरी दरबारातले सरदार धाडकन आडवे व्हायचे. कारभारी तर त्या दिवशी हात लागायच्या आधीच पडला! महाराज खवळले.

"लेको, ठरवून पडता! ही नुरा कुस्ती झाली! मला खरी कुस्ती हवी. सिदबा, नागपंचमीला तू आणि मी!"

"जी सरकार," सिदबा पुटपुटला.

"मुद्दाम हरलास, तर बायकोसकट हद्दपार! आणि आमच्या पणजोबांचा दंडक ठाऊक आहे ना? गादीच्या धन्याची पाठ मातीला लागली, की लावणाऱ्याचा कडेलोट!"

"मग... बरोबरीत सोडवायची का, सरकार?"

"छट्! निकाल लागल्याशिवाय आखाड्यातून कुणी हलायचं नाही!"

बोला आता! सिदबा घरी आला तो थेट भिंतीला टेकून बसला. त्याची बायको येसू गावच्या जुन्या तालमीची माती राखायची. माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवायची, आणि आखाड्यात उतरणाऱ्याची नखं-अंगठ्या तपासायची. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचा पाय मातीला लागत नसे.

"येसे, संपलं गं सगळं! हरलो तर गाव सुटतंय, जिंकलो तर जीव जातोय!"

येसूनं सगळं ऐकून घेतलं आणि लिंबू पिळता पिळता फिसकन हसली.

"हसतीस काय? बुरजावरनं खाली ढकलत्यात, ठावं हाय का?"

"ठावं हाय की. तुमी एकच करा. मातीत उतरल्यावर म्होरं कोण हाय ते इसरा आन् खरी कुस्ती धरा. बाकीचं माज्यावर सोडा."

"आन् तुजं चुकलं तर?"

"तर मी बी येते की बुरजावर! एकट्याला सोडते व्हय?"

नागपंचमीला मैदान माणसांनी फुललं. झाडांवर माणसं, छपरांवर माणसं! मांडवात गादी मांडली होती, बाजूला चवरीवाला उभा. महाराज वाजतगाजत आखाड्याच्या कडेला आले आणि येसू आडवी आली.

"सरकार, मातीत लंगोटाबिगर काय बी चालत न्हाई. मंदील, कंठा, कट्यार, जोडा, समदं उतरा."

"हे घे! आम्ही काय नवशिके वाटलो?" महाराजांनी एकेक करत सगळं काढलं.

"हे ठिवू कुठं, जी?"

"कुठं म्हणजे? गादीवर! गादी क्षणभरही रिकामी राहता कामा नये. आणि चवरी थांबली तर याद राख!"

येसूनं गादीच्या लोडावर मंदील ठेवला, पुढं कट्यार, खाली जोडा. चवरीवाला मंदिलाला वारा घालू लागला. मग हलगी कडाडली आणि पुकारा करणारा महाराजांची बिरुदं म्हणू लागला. पाच झाली, दहा झाली, वीस झाली! लंगोटावर उभे असलेले महाराज वाऱ्यानं कुडकुडायला लागले.

"सरकार," येसू म्हणाली, "ह्यो दिवस मावळंपतुर म्हनत बसंल. आखाड्यात पैलवानाचं नुसतं नाव पुकारायची रीत हाय."

"मग नुसतं पिलाजी पैलवान म्हणा! आणि लावा एकदाची कुस्ती!"

"पिलाजी पैलवाऽऽन, जुनी तालीऽऽम!" पुकारा झाला. महाराजांची छाती वीतभर फुगली.

सलामी झडली. सिदबानं डोळे मिटले, मारुतीरायाचं नाव घेतलं आणि समोर कोण आहे ते खरंच विसरला. महाराजांनी झेप घेतली, सिदबानं त्यांचा हात खांद्यावर ओढला आणि असा धोबीपछाड मारला म्हणता! पिलाजी पैलवान चारी मुंड्या चीत, वर पांढरे ढग बघत पडलेले!

सिदबाला एकदम भान आलं आणि त्याची नजर थेट बुरजाकडं गेली.

महाराज मातीतूनच गरजले, "कडेलोट! गादीच्या धन्याची पाठ लावलीस!"

"कुनाची पाठ, जी?" येसूनं विचारलं.

"आमची! आंधळी आहेस काय?"

"आपली व्हय? मग त्यो चवरीवाला मघापासनं कुनाला वारा घालतोय?"

सगळ्यांच्या माना मांडवाकडं वळल्या. चवरीवाला गपकन थबकला आणि घाबरून दुप्पट जोरानं वारा घालू लागला!

"गादी क्षणभर बी रिकामी ऱ्हायली न्हाई, ह्यो सरकारांचाच हुकूम. गादीचा धनी गादीवर हाय, त्येच्या पाठीला मातीचा कण न्हाई. पडला त्यो पिलाजी पैलवान, जुनी तालीम. सगळ्या गावानं पुकारा ऐकलाय!"

महाराजांनी मंदिलाकडं पाहिलं. मग स्वतःच्या लंगोटाकडं पाहिलं. आणि त्यांना असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की पोट धरून ते पुन्हा मातीत लोळले!

"येसूबाई, हरलेल्या पैलवानाला काय मिळतं?"

"नारळ आन् फेटा, जी. पर गादीम्होरं वाकून घ्यावं लागतंय."

महाराज तस्से माखलेल्या अंगानं गेले, स्वतःच्याच मंदिलाला मुजरा केला आणि नारळ घेतला! लोकांनी फेटे उडवले. मग मंदील डोक्यावर चढवून महाराज गादीवर बसले, सिदबाला चांदीची गदा दिली आणि येसूला म्हणाले, "आजपासून जुन्या तालमीची वस्ताद तू. तुझा शब्द आम्हालाही लागू. बोल, पहिला हुकूम काय?"

"त्या पिलाजी पैलवानाला उद्या पहाटं तालमीत धाडून द्या, सरकार. गडी जिद्दीचा हाय, पर मांड्या लई कच्च्या! रोज पाचशे बैठका!"