ठमीचा सोन्याचा गोफ

श्रावण वद्य सप्तमी. सकाळी भुरभुर, दुपारी लख्ख ऊन. रोपे आणि अवजारे एकमेकांशी बोलत, त्या काळातला हा दिवस. उडदाच्या शेतात ठमी नावाच्या रोपाच्या गळ्यात पिवळीधमक अमरवेल येऊन पडली.

“अगंबाई, सोन्याचा गोफ!” ठमी गिरक्या घेऊ लागली. “पण मावशी, तुम्हाला मूळ नाही, पान नाही?”

“कामं कोण करील बाई? मी नुसती मिरवते,” अमरवेल म्हणाली.

आठ शेजारणी हटून बसल्या, “आम्हालाही हवा!” ठमीने खुरप्याला हाक मारली, “भाऊजी, वाटून द्या हो!” खुरप्याने ठमीच्या वेलीतून आठ तुकडे कापून आठ जणींच्या गळ्यात घातले. सगळे शेत नाचले.

आठवड्यात प्रत्येक तुकड्याची वेल झाली. वेलीने रस शोषून घेतला आणि ठमीची फुले गळाली. वेल आता पुढच्या ओळीतल्या फुलावर आलेल्या रोपांकडे सरकू लागली. खुरपे तिला कापायला धावले.

“कापू नका, कापली की वाढते!” ठमी ओरडली. “मला उपटा, तिच्यासकट.”

“ठमे, वेड लागलं का?”

“लागलं होतं, भाऊजी. आता उतरलंय.”

“मग आम्ही मागे कशाला? गोफ मागताना नव्हतो!” शेजारणी खिदळल्या.

खुरप्याने नऊ रोपे वेलीसकट उपटली. ती बांधाबाहेर जाळली. उरलेल्या एकशे चौदा रोपांना शेंगा धरल्या.