कौतिकाबाईचा खतखड्डा

आसरखेड गावाबाहेर, ओढा जिथे वळण घेतो तिथे, एका जुन्या चिंचेखाली श्रीनिर्मळनाथ महाराजांचा मुक्काम असे. मठ म्हणावा तर काय होते? एक छप्पर, एक धुनी आणि पाण्याचा एक रांजण. पण त्या छपरात घटकाभर टेकलेला माणूस हलका होऊन उठे, एवढे खरे.

महाराज पहिल्यांदा गावात आले तेव्हा सुगी सरत आली होती. खळी उरकली होती आणि शेतकरी धसकटे, पालापाचोळा, भुसकट बांधावर गोळा करून पेटवून देत होते. महाराज त्या धुरात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, आईनं तुम्हाला पोटभर वाढलं. आता तिच्या वाटणीचा घास असा जाळता होय रे?"

लोक हसले. साधू माणूस, त्याला शेतीतले काय कळते! हसली नाही ती एकटी कौतिका.

ही कौतिका म्हणजे रंगनाथाच्या धाकट्या भावाची बायको. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीवरचा काळाभोर मळा थोरल्या भावाला, रंगनाथाला, गेला. धाकट्याच्या वाट्याला त्याला लागूनच असलेला बरड तुकडा आला. मध्ये फक्त एक बांध. कौतिकेने महाराजांचे पाय धरले आणि विचारले, "महाराज, जाळायचं नाही तर करायचं काय?"

महाराज म्हणाले, "खड्डा घे. काडीकचऱ्याचा थर दे, वर शेणकाला, वर माती. पाणी शिंपडत जा, मधूनमधून वरखाली करत जा. आणि माय, घाई करू नको. खड्डा आधी तापेल, मग निवेल. निवला की समज, झालं."

बस्स, एवढाच उपदेश! पण तिने तो मंत्रासारखा घेतला. नवऱ्याने खड्डा खणला. लोकांच्या बांधावरचा पाला, गोठ्यातली उष्टी वैरण, चुलीतली राख, जे कोणी फेकील ते ती डोक्यावरून आणी. मुखात महाराजांचे नाव आणि डोक्यावर पाटी. तिची थोरली जाऊ, रंगनाथाची बायको गोदाक्का, पाणवठ्यावर बायकांना सांगे, "आमच्या जाऊबाईंनी उकिरड्याचं व्रत घेतलंय हो! उद्यापनाला पाटीभर शेण वाटणार आहेत!" बायका पदर तोंडाला लावून हसत.

दोन वर्षांनी त्या बरड तुकड्यात कमरेइतकी बाजरी उभी राहिली, आणि गोदाक्काचे हसू कुठे गेले कोण जाणे!

आता मत्सर ही काय चीज आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. गोदाक्काला काय कमी होते? मळा होता, विहीर होती, बैलजोडी होती. पण सकाळी उठली की बाई आधी बांधावर जायची आणि जावेचे रान बघायची. तिकडे चार कणसे जास्त दिसली की हिला इकडे भाकरी गोड लागेना. स्वतःच्या वांग्यांना कोणी नावाजले तरी ती विचारी, "आणि तिची कशी आहेत?" आपल्या ताटातले सोडून दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाऱ्याचे पोट कसे भरावे, सांगा बरे!

आसरखेडला चंपाषष्ठीला मोठा भंडारा होई. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. त्या भरताची वांगी वर्षानुवर्षे गोदाक्काच्या मळ्यातून जात. नवे लुगडे नेसून ती पहिली पाटी स्वतः वाजतगाजत नेई. तो तिचा मान होता. अशी तीन वर्षे गेली. त्या वर्षी दसऱ्याला गाव महाराजांच्या दर्शनाला जमले असता महाराज सहज बोलून गेले, "यंदा भरताची वांगी कौतिकेच्या रानातून येऊ द्या."

गोदाक्काच्या काळजात कळ उठली. आणि कौतिका? ती तर घाबरूनच गेली. तिची वांग्याची रोपे अजून वीतभर होती, खताची वाट बघत उभी होती. खड्डा भरलेला होता, पण आत हात घातला तर चटका बसत होता. "दिवाळीपर्यंत निवेल," ती नवऱ्याला म्हणाली. "पाडव्याला बुंध्याशी खत घालू. महाराजांचा शब्द आहे, पिकेल."

वसुबारसेला कौतिका आणि तिचा नवरा मठ सारवायला गेले होते. ही संधी साधून गोदाक्काने गाडी जुंपली, दोन गडी घेतले आणि भर दुपारी अख्खा खड्डा उपसून आपल्या मळ्यात नेला! "गुरं वाटणीच्या आधी आमचीच होती, शेण पण आमचंच," असे गड्यांना ठणकावले आणि संध्याकाळच्या आत वांग्याच्या एकेका बुंध्याशी ओंजळ ओंजळ खत घालून वर पाटाचे पाणी सोडले. मनात म्हणाली, आता बघू कोणाची वांगी जातात ती!

कौतिका घरी आली, तर खड्डा रिकामा. कडेला गाडीच्या चाकोऱ्या, त्या सरळ मळ्यात गेलेल्या. तिला रडू फुटले. पण पुढच्याच क्षणी तिने डोळे पुसले आणि बांध ओलांडून धावत सुटली.

"आक्का! अहो आक्का! ते खत काढा आधी! कच्चं आहे हो ते, अजून तापलेलं आहे. तुमची वांगी जळतील!"

गोदाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तुझं काही आणलेलं नाही. आणि माझी वांगी जळतील? तुला माझं चांगलं बघवत नाही, कौतिके! नुसती जळतेस माझ्यावर!"

धन्य आहे! कोण कोणाला म्हणत होते बघा! कौतिका माघारी फिरली. देवापुढे दिवा लावून एवढेच म्हणाली, "महाराज, माझं राहू द्या. पण तुमचा शब्द खाली पडू देऊ नका."

पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत गोदाक्काच्या मळ्याचा रंग बदलला. पाने पिवळी पडून लोंबू लागली, फुले गळाली. गोदाक्काचा जीव थाऱ्यावर राहीना. आता तरी चूक कबूल करावी की नाही? पण छे! पाडव्याला सकाळी ती गाव गोळा करून मठात गेली आणि रडून ओरडून म्हणाली, "महाराज, हिनं माझ्या मळ्यावर करणी केली! हिला गावाबाहेर काढा!"

लोकांत कुजबुज सुरू झाली. कौतिका हात जोडून उभी होती. भरलेला मळा असा अवचित वाळला होता. करणी म्हटल्यावर तिच्या बाजूने बोलायला कोण धजणार?

महाराज उठले आणि चालत सरळ मळ्यात गेले. मागे सारे गाव. महाराजांनी एका झाडाच्या बुंध्याशी बोटांनी उकरले. ओल्या मातीतून वाफ निघाली.

"गोदाबाई, हे खत कुठलं?"

"माझ्या उकिरड्यातलं, महाराज."

महाराज नुसते हसले. मग गावाकडे वळून म्हणाले, "आज पाडवा. घरोघरच्या बाया केर काढून उकिरड्यावर दिवा ठेवतील ना? यंदा सगळ्यांनी आपला केर कौतिकेच्या खड्ड्यात आणून टाका."

महाराजांची आज्ञा! बाया सुपे घेऊन आल्या. केर, पाला, तोरणांची सुकी पाने, शेणाच्या पाट्या, बघता बघता खड्डा भरला. महाराजांनी आपल्या कमंडलूतले पाणी त्यावर शिंपडले, आपली घोंगडी पांघरली आणि कडेला एक पणती लावून तिथेच बसून राहिले.

भाऊबीजेला उजाडता उजाडता कौतिकेने घोंगडी उचलली आणि बघते तर काय! ज्याला महिनोन् महिने लागावेत ते एका रात्रीत झाले होते. खड्डाभर काळेशार, मऊ, गार खत! काडी नाही, शेणाचा वास नाही. जंगलात पानांखालच्या मातीला येतो तसा गोड वास सुटलेला. म्हातारे शेतकरी मूठभर खत हातात घेऊन बघतच राहिले. काय ही माउलीची लीला!

महाराज म्हणाले, "घे माय, तुझं खत. कोणत्या रोपापासून सुरुवात करतेस?"

कौतिकेने पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "महाराज, माझी रोपं दोन दिवस थांबतील. आक्कांची झाडं आजची रात्र काढणार नाहीत. आधी तिकडे घालते."

ती बांध ओलांडून मळ्यात गेली. खाली बसून तिने पहिल्या झाडाच्या बुंध्याशी हात घातला, तापलेले खत बाजूला ओढले आणि गार खत लावले. मग दुसऱ्या झाडाकडे सरकली. गोदाक्का बांधावर उभी राहून बघत होती. कौतिकेने तिच्याकडे वर मान करून पाहिलेही नाही. तिचे लक्ष झाडांकडे होते.

गोदाक्काला ते बघवेना. ती धावत मळ्यात आली. "पुरे गं कौतिके, पुरे! करणी कसली न् काय! मीच उपसून आणलं. तुझं हिरवं दिसलं की माझी झोप उडायची गं! तीन वर्षं मी धड जेवले नाही!"

कौतिका म्हणाली, "आक्का, उन्हं चढायच्या आत उरकायला हवं. तुम्ही त्या ओळीला लागा."

आणि गोदाक्का लागली! मळ्यातले कच्चे खत तिने स्वतःच्या हातांनी वेचले, पाटीत भरले आणि डोक्यावरून जावेच्या खड्ड्यात नेऊन टाकले. एक खेप, दुसरी खेप, दुपार कलेपर्यंत. गड्यांना हात लावू दिला नाही.

चंपाषष्ठीला दोन्ही रानांतली वांगी एकाच पाटीत भरून गेली. पाटी उचलायची वेळ आली तेव्हा कौतिका म्हणाली, "आक्का, तुमच्या डोक्यावर द्या. मान तुमचा आहे." गोदाक्काने मान हलवली, पाटी जावेच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः अनवाणी मागून चालली. पण मठाच्या वाटेवर खड्डा लागला तेव्हा तिचे पाय थांबले. तिने आत हात घातला. तिनेच टाकलेले ते खत आता गार झाले होते.

समोर महाराज उभे होते. गोदाक्काने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज म्हणाले, "माझ्या नको, बाई. जिनं तुझी झाडं आधी वाचवली तिच्या ठेव."

थोरली जाऊ सगळ्या गावासमोर धाकटीपुढे वाकली. डोक्यावर पाटी असल्याने कौतिकेला तिला उठवता येईना. ती नुसतीच रडत म्हणत राहिली, "उठा हो आक्का, उठा. रोडगे गार होतील."