देवाने धरलेला पहारा

धरणाच्या पाण्यात जुनी गावं गेली, तेव्हा जी माणसं मुलूख सोडून गेली नाहीत, ती डोंगराच्या कुशीत वर सरकली आणि तिथेच एक नवं गाव वसलं, सोनवडे. याच सोनवड्याला गेनोबा महाराजांचा मठ आहे. मठात डाव्या हाताला विठोबाचं देऊळ आणि उजव्या हाताला, एकाच अंगणात, दवाखाना. हो, दवाखाना! चार खाटा, औषधांचं कपाट, छपरावर सूर्याच्या विजेची पाटी आणि त्या विजेवर चालणारा एक छोटासा फ्रीज. महाराज म्हणायचे, "विठोबाला भेटायला येणारा माणूस आधी धडधाकट नको का?"

शहरातली सरकारी नोकरी संपल्यावर डॉक्टर इंदुमती साळवी दर्शनाला म्हणून आल्या आणि मठातच राहिल्या. तपासायला पैसे नाहीत, औषधाला पैसे नाहीत. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, हे तर कधी कुणी विचारलंच नाही. लाँचवाल्या रसूलभाईंची दोन्ही मुलं याच दवाखान्यात जन्मली आणि दोघांच्याही कानाशी महाराज प्रेमाने "मोठा हो रे बाळा" असं म्हणाले होते. पलीकडच्या काठावरूनसुद्धा माणसं यायची. किती गोड असेल ना तो दवाखाना!

त्या दवाखान्याच्या चादरी धुणारी बाई म्हणजे ठकूबाई. एकटी, पन्नाशीची, जेमतेम अंगठा उठवणारी. पण तिच्यासारखी निष्ठा शोधून सापडायची नाही. वैशाखात मठात अखंड नामाचा सप्ताह असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाने दोन तास वीणा धरून नाम घेत उभं राहायचं, मग दुसऱ्याने त्याच्या हातातून ती घ्यायची. याला पहारा म्हणतात. सात पहारेकरी असायचे आणि आजवर सातही पुरुषच. त्या वर्षी महाराजांनी सातवा पहारा ठकूबाईला दिला.

झालं! अण्णासाहेब मोकाशी भर मंडपात हसले. अण्णासाहेबांची रसूलभाई चालवायचे ती लाँच होती, पर्यटकांचं हॉटेल होतं, घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट होतं. ते म्हणाले, "वा महाराज! चादरी पिळणारे हात आता वीणा पिळणार तर!"

चारदोन जण फिदीफिदी हसले. ठकूबाईने पदर सारखा केला आणि खाली मान घातली.

"आणि तो तुमचा दवाखाना," अण्णासाहेबांना चेवच चढला, "टाळ कुटून ताप उतरतो का हो? माझ्या घरात कुणाला शिंक आली तरी मी लाँच काढतो आणि थेट पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतो. खरं औषध तिथे मिळतं. इथे नुसता अंगारा!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. महाराज मात्र हसून म्हणाले, "अण्णासाहेब, तुमची लाँच बुलंद राहो. पण कधी लागलंच, तर आमचं दार उघडं आहे बरं का."

सप्ताहाचा पाचवा दिवस उजाडला. अण्णासाहेबांची एकुलती एक मुलगी केतकी, अकरा वर्षांची, सकाळी अंडी काढायला गेली आणि खुराड्यात हात घालताच किंचाळली. आत नाग होता!

"पोरीला पान लागलं!" असा ओरडा झाला. साप चावला असं तोंडाने म्हणायचं नाही म्हणून गावात पान लागलं म्हणतात. अण्णासाहेब मुलीला उचलून धक्क्याकडे धावले. पण वैशाखातलं पाणी! ते आटत आटत पार खाली गेलेलं आणि लाँच गाळात रुतून बसलेली. रसूलभाईंनी आणि दहा जणांनी खांदे लावले, लाँच वीतभरही हलली नाही. अँब्युलन्सला फोन लागला, पण घाटातला पूल दुरुस्तीला काढलेला. लांबच्या जंगलवाटेने यायला तिला संध्याकाळ होणार होती.

केतकीच्या पापण्या मिटायला लागल्या. "बाबा, मला तुम्ही दोन दिसताय," ती बोबडं बोलली.

रसूलभाई म्हणाले, "अण्णासाहेब, अब सोचो मत. मठात चला!"

आणि ज्या दवाखान्याला भर मंडपात हसले होते, त्याच्याच दारातून अण्णासाहेब लेकीला घेऊन धापा टाकत आत आले. डॉक्टरीणबाईंनी केतकीला खाटेवर घेतलं. त्यांनी फ्रीजमधून विषावरची इंजेक्शनं काढली, सलाईन लावलं, घशात नळी घातली. तोवर केतकीचा श्वास थांबलाच!

नळीला रबरी फुगा जोडून डॉक्टरीणबाई तो हाताने दाबू लागल्या. दाबला की छाती वर, सोडला की खाली. त्या म्हणाल्या, "औषध आपलं काम करेल, पण त्याला तासन् तास लागतील. तोवर तिच्यासाठी श्वास आपण घ्यायचा. माझ्या एकटीच्या हाताला पंधरा मिनिटांत गोळे येतील आणि मला नाडीही बघायची आहे. कोण येतं?"

अण्णासाहेबांनी आपल्या चार दांडग्या गड्यांकडे पाहिलं. गडी भिंतीला चिकटले. "मालक, आमच्या हातून एक श्वास चुकला तर?" स्वतः अण्णासाहेब पुढे झाले, पण त्यांचे हात असे कापत होते की फुगा धरवेना.

महाराज दारात उभे होते. ते म्हणाले, "न चुकता पहारा करणारी माणसं आहेत आपल्याकडे. साती जणांना बोलवा."

सगळ्यांत थोरले पहारेकरी बाबूतात्या गडबडले. "साती जण? महाराज, आत्ता ठकूचा पहारा चाललाय. ती इकडं आली तर वीणा कोण धरणार? एकतीस वर्षांत वीणा टेकली न्हाई आपली!"

"तात्या," महाराज शांतपणे म्हणाले, "वीणा खाली ठेवली तर पुन्हा उचलता येते. ह्या लेकराचा श्वास खाली पडला तर तो कोण उचलणार?"

"पर सप्ता मोडंल की! वीणा कुणी धरायची?"

"ज्याची त्याने!"

असं म्हणून महाराज स्वतः देवळात गेले. ठकूबाईच्या हातातली वीणा त्यांनी घेतली, विठोबाच्या पायांशी ठेवली आणि हात जोडून म्हणाले, "देवा, माणसं दुसऱ्या पहाऱ्यावर नेतोय. हा पहारा तुझा." बाहेर येऊन त्यांनी दाराला कडी घातली.

पहिला फुगा ठकूबाईने धरला. डॉक्टरीणबाईंनी तिला पाच सेकंदांचा हिशेब सांगितला. ठकूबाई म्हणाली, "बाई, मला घड्याळातलं काय कळत न्हाई. पर 'राम' म्हनताना दाबला, 'कृष्ण'ला सोडला आन् 'हरी'ला थांबले तर चालंल?"

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून पाहिलं. बरोब्बर पाच सेकंद! "चालेल काय, धावेल!" त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी असंच करा."

राम, कृष्ण, हरी. राम, कृष्ण, हरी. पंधरा मिनिटं झाली की दुसरा हात. वीणा जशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ना, अगदी तसाच तो फुगा जात होता. मध्ये एका श्वासाचंही अंतर नाही.

पण दुपारी घोटाळा झाला. भजन रंगलं की लय वाढते, ही या मंडळींची जन्माची सवय! फुगा धरलेल्या बाबूतात्यांचे डोळे मिटले, मान डोलायला लागली आणि रामकृष्णहरी धावू लागलं. इतर सहा जणांनीही नकळत ठेका धरला. फुगा भराभर दाबला जाऊ लागला.

"लय वाढवू नका! तात्या, हळू!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "तिची नाडी हाताला लागेना झालीय!"

ठकूबाईने झडप घालून फुगा घेतला. पण खोलीत घुमणारा ठेका तिच्याही अंगात भिनलेला. थांबवू म्हटलं तरी हात धावत होते. अण्णासाहेब जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "केतू, जाऊ नको गं! महाराज, काहीतरी करा हो!"

महाराजांनी केतकीच्या पायांवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आणि काय सांगू! अंगणापलीकडून, देवळातून, वीणेचा झंकार आला. संथ, खोल, तळ्यासारखा शांत. एक झंकार, मग मोकळी जागा, मग पुन्हा झंकार. खोलीतला सगळा गलका त्यात विरून गेला. ठकूबाईचे हात आपोआप सावकाश झाले. राम... कृष्ण... हरी... झंकाराला दाब, झंकार विरला की सोड. डॉक्टरीणबाईंची बोटं मनगटावर होती. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "लागली! नाडी लागली!"

दुपारभर तो झंकार थांबला नाही आणि एकदाही चुकला नाही. त्याच्या आधाराने सातही जण पाळीपाळीने श्वास देत राहिले. उन्हं कलताना केतकीची छाती, फुगा न दाबताच, आपली आपण वर आली! मग पुन्हा आली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी नळी काढली, तेव्हा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही एकच आहात." सगळे रडता रडता हसले.

अण्णासाहेब डोळे पुसत उठले. "महाराज, देवळात वीणा धरून तो माणूस दुपारभर उभा आहे. त्याने ठेका सांभाळला म्हणून माझी पोर राहिली. मला त्याच्या पाया पडायचंय. कोण आहे तो?"

पहारेकरी एकमेकांकडे बघू लागले. ठकूबाई म्हणाली, "अण्णासाब, आमी साती जनं हितंच हाओत की! मला वाटलं महाराजांनी कुनाला तरी बशिवलंय."

सगळे देवळाशी धावले. बाहेरची कडी जशीच्या तशी! अण्णासाहेबांनी ती काढली. आत चिटपाखरू नव्हतं. पायांशी ठेवलेली वीणा विठोबाच्या गळ्यात होती. गळ्यातल्या तुळशीच्या हाराची एका बाजूची पानं घासून कुस्करली होती आणि सगळा गाभारा त्यांच्या वासाने भरला होता. तारा अजून थरथरत होत्या.

बाबूतात्यांनी आडवं लोटांगण घातलं. "टेकली न्हाई! देवानं टेकू दिली न्हाई!"

अण्णासाहेब महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी हसलो. तुमच्या दवाखान्याला हसलो, देवाला हसलो. मला पदरात घ्या."

महाराजांनी त्यांना हाताला धरून उठवलं. "देव माझ्यात शोधू नका, अण्णासाहेब. त्याने दुपारभर इकडे वीणा धरली, तशीच तिकडे इंजेक्शनंही दिली आणि फुगाही दाबला. ज्यांच्या हातांनी दाबला, ते हात बघा."

अण्णासाहेब वळले. ठकूबाई खांबाआड उभी होती. तिचे तळवे सुजून लाल झाले होते, बोटं वळत नव्हती. ती मागे सरकायच्या आतच अण्णासाहेबांनी सगळ्या गावादेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं बया! उठा, अण्णासाब, उठा! काय म्हनतील लोकं!" ठकूबाई कावरीबावरी झाली.

पण अण्णासाहेब उठले नाहीत. त्यांचं कपाळ तिच्या भेगाळलेल्या पावलांवर टेकलेलं होतं आणि त्यांना एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणता येत होता, "माय... माय..."