खारवेळची हाक

बूट काढू नका, गोटे तापलेत. यावर अनवाणी चालणं आम्हालाच जमतं, तेही जन्मापासूनच्या सवयीने. खारवेळचा किनारा हा असाच आहे. वाळू औषधालाही सापडायची नाही, नुसते काळे-करडे, गुळगुळीत गोटे. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घरंगळतात आणि मागून कोणीतरी चालत येतंय असं वाटतं. तुम्ही आल्यापासून तीनदा वळून पाहिलंत. लाजू नका, सगळेच पाहतात. मी इथल्या देवळाचा गुरव. पाहुण्यांना किनारा दाखवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय, कारण उघड्या राहिलेल्या अकरा घरांत एवढं बोलणारा दुसरा कोणी नाही.

पूर्वी इथे मऊ वाळू होती, असं सांगतात. तेव्हा त्या वरच्या अंगाला येसू नावाची बाई राहायची. तिचा नवरा धाकू गलबतावर खलाशी होता. आठ-आठ महिने मलबाराकडे जायचा आणि परतला की किनाऱ्यावरूनच ओरडत यायचा, "गो येसू, इलंय गो!" साऱ्या गावाला कळायचं की धाकू आला.

एका वर्षी तो असाच आनंदात हाका मारत अंगणात शिरला. त्यांची दोन वर्षांची मुलगी तापाने गेली होती आणि तिचे दिवसही अजून झाले नव्हते. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? येसू दारात आली आणि म्हणाली, "ह्या दारात परत हाक मारू नको." बस्, एवढंच. काय घडलं ते त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं. मग तिच्यासमोर उभं राहायचा धीर त्याला झाला नाही. आल्या पावली तो गलबतावर गेला.

येसूचा राग उतरायला वर्ष लागलं. उतरला तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. मूल गेलं त्यात त्याचा काय दोष होता? आता तिला एकच हवं होतं: तो यावा आणि आपण तो शब्द मागे घ्यावा.

तो आला, म्हणे. एका दुपारी ती आत तांदूळ निवडत बसली होती. बाहेर आली तर वाळूत पावलं उमटलेली. पाण्यापासून अंगणापर्यंत, आणि अंगणातून परत पाण्यापर्यंत. दाराशी ती खोल रुतली होती, म्हणजे तो बराच वेळ उभा राहिला होता. हाक मारायची नाही म्हटलं होतं, म्हणून मारली नाही. वाळूवरून येणाऱ्या माणसाचा आवाज कुठला व्हायला!

येसू तडक देवळात गेली. तेव्हाच्या गुरवाने, म्हणजे माझ्याच कोणा पूर्वजाने, गाऱ्हाणं घातलं आणि देवीला कौल लावला. "ही वाळू ने गो आई. तेचा पाऊल वाजूक व्हया," असं मागणं. कौल उजवा मिळाला, म्हणजे देवी हो म्हणाली. देवीने थोडा विचार करायला हवा होता, असं मला वाटतं, पण तिचा पुजारीच मी, कोणाला सांगू? त्या श्रावणात आठ दिवस समुद्र दगड ओकत होता. उघडलं तेव्हा वाळू गेली होती.

दगडावर होड्या ओढता येईनात, तळ फुटू लागले. एकेक घर उठून दुसऱ्या बंदरावर गेलं. गाव ओस पडत गेलं ते तेव्हापासून. आणि येसूच्या हाती काय लागलं? पाऊल वाजलं की ती धावत बाहेर यायची, आणि बाहेर असायची लाट. दिवसातून शंभरदा उठायची. नऊ वर्षं उठली. मग थकली. वाजलं तरी वळायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

एकदा उन्हं कलताना ती खळ्यात, म्हणजे अंगणात, पाठमोरी बसून आमसुलं गोळा करत होती. गोटे वाजले. अगदी जवळ वाजले. ती वळली नाही. थोड्या वेळाने कालवं काढणारी एक म्हातारी धापा टाकत वर आली.

"गो, तुझो घोव इल्लो! खळ्यात उभो रवलो. तू वळान बघलंस नाय, म्हणान परत गेलो."

येसू खाली धावली. शीड अजून दिसत होतं. "अवो, अवो!" म्हणून ती ओरडली. पण भर समुद्रात 'अवो' ऐकून कोणाला कळणार की हे आपल्यासाठी आहे? नवऱ्याचं नाव घेणं तेव्हा पाप. किनाऱ्यावरच्या बायांनी तोंडावर पदर घेतला, आणि येसूने छाती फुटेस्तोवर हाक मारली, "धाकू रे! धाकू!"

शीड वळलं नाही.

आजही खारवेळमध्ये नवी नवरी उखाणा घेत नाही. तिला इथे आणतात. आधी गावातली सर्वांत वयस्क बाई येसूच्या वतीने धाकूला हाक मारते आणि सात लाटा होईपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. मग नवरी नवऱ्याचं नुसतं नाव मोठ्याने घेते, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या नवऱ्याने ताबडतोब 'ओ' द्यायची. इथे असं शेवटचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली. आता सगळे हॉलमध्ये उरकतात.

माझ्या लग्नात मी चेष्टेने 'ओ' द्यायला उशीर केला. शेवंतीने आठ दिवस अबोला धरला. पुढे एकेचाळीस वर्षं ती मला 'अवो' म्हणाली आणि मी तिला 'गो'. नाव काही माझ्या तोंडून निघालं नाही. गेल्या माघात ती गेली.

तुम्ही व्हा पुढे, चढण सोपी आहे. मी जरा थांबतो. रोज या वेळी मी तिला नावाने हाक मारतो. मोठ्याने मारतो, दचकू नका.