सरदारांच्या मापाचे खांब

सरदार हैबतरावांना शिकारीच्या तळावर मोठा तंबू हवा होता, पण त्यांची अट ऐकून भिवा सुताराच्या लेकीने, केशरने, कपाळाला हात लावला.

"आमच्या तंबूत आमच्यापेक्षा उंच काही उभं राहता कामा नये," सरदार म्हणाले. "एखादा खांब आमच्या उंचीपेक्षा बोटभर जरी लांब कापलेला निघाला, तर भिवा, तुझी सगळी अवजारं जप्त."

"पण सरकार, खांब हातभर जमिनीत गाडावा लागतो," केशर सांगू लागली.

"मोठे बोलत असताना पोरींनी मधे तोंड घालू नये," सरदारांनी तिला झटकलं. भिवाही तिच्यावरच डोळे वटारून "जी सरकार, जी सरकार" करत राहिला. केशर चडफडली. मग तिने दोरीने सरदारांची उंची मोजली आणि सगळे सागवानी खांब बरोबर तेवढेच कापले.

चौथ्या दिवशी खांब हातभर जमिनीत गेले आणि तंबू उभा राहिला. पाहुण्यांसमोर सरदार रुबाबात निघाले आणि दारातच त्यांना कमरेत वाकावं लागलं. पागोटं कापडाला अडकून खाली पडलं. पाहुणे मिशीत हसले.

"हा तंबू आहे की कोंबड्यांचं खुराडं?" सरदार आतून ओरडले. "खांब उंच कर, आत्ताच्या आत्ता."

"लाकूड एकदा कापलं की वाढत नाही, सरकार," केशर बाहेरून म्हणाली. "आणि नवे उंच कापले, तर बाबांची अवजारं जातात. तेव्हा एकतर आपली उंची कमी करा, नाहीतर आपला हुकूम मागे घ्या."

सरदारांनी वाकूनच पडलेलं पागोटं उचललं. मग ते हातात घेऊन बाहेर आले आणि केशरला म्हणाले, "हुकूम रद्द. किती उंच हवेत, तूच सांग."